लहान मुलांची वागणूक, मन, आरोग्य आणि सुरक्षितता : आदिलाबादच्या मराठी कुटुंबांसाठी माहिती

जन्मापासून सुमारे सहा वर्षांपर्यंतच्या मुलांचे पालक, आजी-आजोबा आणि घरातील इतर मोठ्या माणसांसाठी ही माहिती एकत्र केली आहे. मुलांच्या संगोपनावर मराठीत पुस्तके पुष्कळ आहेत, पण ती बहुधा पुण्या-मुंबईचे घर डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली असतात. आपल्या मुलांची परिस्थिती थोडी वेगळी आहे. घरी मराठी, अंगणवाडीत तेलुगू, गल्लीत उर्दू-हिंदी, गावाकडे गोंडी किंवा कोलामी आणि नर्सरीत इंग्रजी, अशा चार-पाच भाषांमध्ये आपले मूल तिसऱ्या-चौथ्या वर्षीच पाऊल टाकते.

ही परिस्थिती आजची नाही. १९५६ मध्ये हैदराबाद संस्थानातून झालेल्या राज्याचे विभाजन झाले, तेव्हा त्या वेळच्या आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट आणि राजुरा हे भाग मुंबई राज्यात गेले आणि उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात आला. २०१४ मध्ये तेलंगणा राज्य झाले आणि २०१६ मध्ये जुन्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. पैनगंगेच्या अलीकडे राहिलेली आपली घरे मराठीच राहिली. मोठ्यांना या सगळ्याची सवय झाली आहे. मुलाला मात्र प्रत्येक वेळी नव्याने सवय करून घ्यावी लागते.

लहान मूल आधी वागण्यातून बोलते. शब्द त्यानंतर येतात. ज्याला दुखणे, भीती, राग सांगायला शब्द सापडत नाहीत ते रडते, चावते, गप्प बसते किंवा अंथरूण ओले करते. म्हणून मुलाला शब्द देणे आणि ते शब्द ऐकणारे माणूस जवळ असणे या दोन गोष्टी वळण, आरोग्य आणि सुरक्षितता या तिन्हींच्या मुळाशी आहेत.

अंगणवाडीतला पहिला महिना

घरी दिवसभर बडबडणारे मूल अंगणवाडीत किंवा नर्सरीत गेल्यावर एकदम गप्प होते. बाई म्हणतात, "हे बोलतच नाही." घरी आल्यावर तेच मूल चिडचिड करते. बहुतेक वेळा हा आजार नसतो आणि मूल मंदही नसते. नवी भाषा कानावर पडत असताना मुले काही आठवडे, कधी काही महिने नुसती ऐकतात. ऐकलेले आत साठत असते आणि एक दिवस ते अचानक बोलू लागतात.

या काळात पुढील गोष्टी कराव्यात.

• घरी मराठीच बोलावे. "शाळेत अडचण येते म्हणून घरी तोडकेमोडके तेलुगू किंवा इंग्रजी बोला" हा सल्ला उपयोगाचा नाही. घरची भाषा पक्की असली की दुसरी भाषा तिच्या आधाराने येते.

• दोन-तीन भाषांमुळे बोलणे उशिरा येते, हा समज चुकीचा आहे. मुलाला किती शब्द येतात हे मोजताना सगळ्या भाषांतील शब्द एकत्र मोजावेत.

• पहिले काही दिवस घरातील एखादे माणूस थोडा वेळ अंगणवाडीत थांबू शकेल का, ते बाईंना विचारावे. निघताना चोरून निघू नये. "जेवण झालं की मी येते" असे सांगून निघावे आणि त्याच वेळेला यावे.

• गरजेपुरते तेलुगू शब्द मुलाला खेळता खेळता शिकवावेत.

मुलाला शाळेत पहिल्या दिवसापासून लागणारे शब्द असे :

पाणी – नीळ्ळु
भूक – आकलि
पोट दुखते – कडुपु नोप्पि
ताप – ज्वरम्
उलटी – वांति
लागले – देब्ब तगिलिंदि
त्याने मारले – कोट्टाडु
भीती – भयम्
नको – वद्दु
आई हवी – अम्मा कावालि

ज्वर आणि वांती हे शब्द आपल्या आजीच्या मराठीतही आहेत, त्यामुळे ते लवकर पाठ होतात. बाईंचे "रा" म्हणजे ये आणि "कूर्चो" म्हणजे बस, हेही मुलाला ठाऊक असावे. काही शब्द उगाच घाबरवतात. तेलुगूत दूध म्हणजे "पालु". मराठी कानाला त्यात पाल ऐकू आली तर मूल दुधाचा पेला का ढकलते, हे बाईंना कळणार नाही. म्हणून आपणही बाईंना पाच-सहा मराठी शब्द लिहून द्यावेत : शू, शी, दुखतंय, भूक, आई, नको. आपल्या भागातील अनेक अंगणवाडी शिक्षिकांना मराठी समजते, तरी मूल लघवीसाठी कोणता शब्द वापरते हे प्रत्येक घराचे वेगळे असते. तो एक शब्द बाईंना माहीत नसल्यामुळे मूल तासन्‌तास लघवी दाबून धरते आणि मग पोटात दुखते.

पुढे शाळेत तेलुगू येणारच आहे. २०१८ च्या कायद्याने तेलंगणातील शाळांत तेलुगू हा विषय टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला. मूल मराठी माध्यमाच्या सरकारी शाळेत गेले तरी तेलुगू शिकेल. त्यामुळे तिसऱ्या वर्षी त्यासाठी घाई करण्याचे कारण नाही.

"अंगणवाडी" हा शब्द आपलाच

तेलुगूतही "अंगन्‌वाडी"च म्हणतात, म्हणून अनेकांना तो सरकारी शब्द वाटतो. त्याचा जन्म मराठी मातीतला आहे. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्यासोबत बालशिक्षणाचे काम केले आणि १९४५ मध्ये त्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे गेल्या. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. वस्तीतील मुले शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी शाळाच वस्तीच्या अंगणात नेली. मुलांना अंघोळ घालणे, नखे कापणे, गाणी म्हणणे, आसपासच्या पाना-बियांनी खेळणे हे सगळे त्यात होते. पुढे १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि वारली मुलांमध्ये वाढले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तिथे कुरणशाळाही चालली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तिच्या केंद्रांना हेच नाव मिळाले.

त्या दोघींच्या कामातून आपण घ्यायची गोष्ट साधी आहे. मूल जिथे आहे तिथून, त्याच्या ओळखीच्या वस्तूंनी आणि त्याच्या बोलीने सुरुवात करायची. आपल्या घरी सरकीच्या बिया, मक्याची कणसे, तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल, बतुकम्माची फुले हे सगळे आहेच. मात्र तीन वर्षांखालील मुलाच्या हाती सुट्या बिया देऊ नयेत.

अंगणवाडीत सात महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलांना घरी नेण्यासाठी बालामृतम् मिळते, तर तीन ते सहा वर्षांच्या मुलांना तिथेच जेवण आणि अंडे मिळते. मुलाचे वजनही तिथे नोंदवतात. मूल खासगी नर्सरीत जात असले, तरी वजन आणि लसींसाठी अंगणवाडीशी संबंध ठेवावा.

हट्ट, रडणे, चावणे

दीड ते चार वर्षांच्या मुलाने जमिनीवर लोळण घेणे, वस्तू फेकणे, चावणे हे त्या वयाचेच आहे. त्याला हवे ते समजते, पण थांबणे अजून जमत नसते. अशा वेळी पुढील क्रम उपयोगी पडतो.

१. आधी त्याला आणि इतरांना इजा होणार नाही असे पाहावे. फेकलेली वस्तू बाजूला करावी.

२. आपला आवाज खाली आणावा आणि मुलाच्या उंचीला बसावे.

३. त्याला काय वाटते आहे ते शब्दात सांगावे : "दादाने बैल घेतला म्हणून तुला राग आलाय."

४. नियम एकच आणि छोटा सांगावा : "राग आला तरी चावायचं नाही."

५. शांत झाल्यावर जवळ घ्यावे. तेव्हा भाषण देऊ नये. मागितलेली वस्तू केवळ रडण्यामुळे देऊही नये. आज आईने नाही म्हटलेले आजोबांनी उद्या दिले, तर मूल रडण्याचा उपयोग शिकते. म्हणून नियम घरातल्या सगळ्यांनी आपसांत ठरवावेत.

मनाच्या स्थितीसाठी मराठीत शब्दांची कमी नाही : रुसणे, हिरमुसणे, चिडणे, बावरणे, लाजणे, कंटाळणे, हेवा वाटणे, एकटे वाटणे. "रडू नको" म्हणण्याऐवजी "हिरमुसलास का?" असे विचारले, तर मूल हळूहळू तो शब्द स्वतः वापरू लागते. ज्याला "मला राग आला" म्हणता येते त्याला चावण्याची गरज कमी पडते.

मारणे, कोंडणे, उपाशी ठेवणे, चारचौघांत हसे करणे यांनी मूल तेवढ्यापुरते थांबते. पुढच्या वेळी ते तेच लपून करते. शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना शिक्षण हक्क कायद्याने (२००९) बंदी आहे.

"पोलीस घेऊन जाईल", "डॉक्टर सुई टोचेल", "बागुलबुवा येईल" ही भीती घालू नये. जैनथच्या किंवा केस्लापूरच्या नागोबाच्या जत्रेत मूल चुकले, तर त्याने पोलिसाकडेच जायला हवे. ज्याला पोलिसाची भीती घातली आहे ते पोलीस पाहून गर्दीत लपेल. जत्रेला जाताना खिशात घरचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. चार वर्षांच्या मुलाला आपले पूर्ण नाव, आई-वडिलांचे नाव आणि गाव सांगता यावे.

झोप, खेळ आणि मोबाइल

एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसरात्र मिळून ११ ते १४ तास आणि तीन ते पाच वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास झोप लागते. चिडचिड करणाऱ्या मुलाची झोप आधी मोजून पाहावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनेनुसार एक वर्षाच्या आतील मुलाला मोबाइल किंवा टीव्ही दाखवूच नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी एका तासाहून अधिक नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत घरात आजी एकटी असते आणि तिला मोबाइलचा आधार वाटतो, हे खरे आहे. त्या दिवसांत शेजारच्या दोन-तीन घरांची मुले एका अंगणात आणून मोठ्यांनी पाळीपाळीने सांभाळली, तर आजीवरचा भार हलका होतो आणि मुलांना सवंगडी मिळतात.

मनावरचा ताण कसा ओळखावा

नवे भावंड येणे, घरात मृत्यू होणे, वडील कामासाठी हैदराबादला जाणे, घरातील भांडणे किंवा कर्जाची बोलणी हे सगळे मुलाला कळते. त्याचा अर्थ तेवढा कळत नाही. मग सुकलेले अंथरूण पुन्हा ओले होऊ लागते, मूल आईला सोडत नाही, रात्री दचकून उठते, आवडता खेळ टाकून देते. अशा वेळी त्याला खरे पण थोडक्यात सांगावे. "आजी गावाला गेली" म्हटले तर मूल तिची वाट पाहत राहते. "आजी वारली, ती आता परत येणार नाही, पण आपण तिची आठवण काढू" हे चार वर्षांच्या मुलाला समजते.

पुढील गोष्टी दिसल्यास वाट पाहू नये :

• नावाने हाक मारली तरी वर्षाच्या मुलाचे लक्ष जात नाही.

• दीड वर्षापर्यंत कोणत्याच भाषेत एकही शब्द नाही, किंवा दोन वर्षांपर्यंत "पाणी दे", "आई ये" असे दोन शब्द जोडता येत नाहीत.

• येत असलेले बोलणे किंवा खेळणे बंद झाले.

• शाळेत मराठी बोलणाऱ्या मैत्रिणीशीही मूल बोलत नाही, आणि हे कित्येक आठवडे चालू आहे.

अशा मुलाची आधी ऐकण्याची तपासणी करावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची मोफत तपासणी होते, त्याचे पथक अंगणवाडीत आणि सरकारी शाळांत येते. ते कधी येणार, हे आशा कार्यकर्तीला विचारावे.

लसी आणि दोन राज्यांतील बाळंतपण

आपल्याकडील अनेक मुलींचे माहेर किनवट, पांढरकवडा, वणी किंवा चंद्रपूरकडे असते. बाळंतपण तिकडे आणि संगोपन इकडे, यात एखादी लस सुटते. लसीकरणाचे राष्ट्रीय वेळापत्रक दोन्ही राज्यांत एकच आहे. तिकडचे कार्ड इकडे चालते, म्हणून ते माहेरी विसरू नये.

जन्मतः बीसीजी, पोलिओ आणि २४ तासांच्या आत कावीळ-ब ची लस. त्यानंतर ६, १० आणि १४ आठवड्यांच्या लसी. ९ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेलाचा पहिला डोस, १६ ते २४ महिन्यांत दुसरा डोस आणि बूस्टर. ५ ते ६ वर्षांत पुन्हा डीपीटीचा बूस्टर. जीवनसत्त्व 'अ' चा डोस ९ महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी. एखादी तारीख चुकली, तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. राहिलेली लस लवकरात लवकर द्यावी.

ताप, श्वास, जुलाब

दोन महिन्यांच्या आतील बाळाला ताप आला, तर घरी उपचार न करता लगेच दवाखान्यात न्यावे. मोठ्या मुलातही पुढील लक्षणे धोक्याची आहेत : काहीच पीत नाही, सगळे उलटून टाकते, झटके येतात, सुस्त पडते आणि हाकेला उत्तर देत नाही. जंगलपट्ट्यात राहणाऱ्यांनी तापात मलेरियासाठी रक्त तपासून घ्यावे.

खोकला असलेल्या मुलाचे श्वास ते शांत असताना पूर्ण एक मिनिट मोजावेत. दोन महिन्यांखाली ६० किंवा जास्त, दोन ते बारा महिने ५० किंवा जास्त आणि एक ते पाच वर्षे ४० किंवा जास्त श्वास असतील, किंवा श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, तर तो न्यूमोनिया असू शकतो. लगेच दवाखाना गाठावा.

जुलाबात ओआरएसचे एक लिटरचे पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात पूर्ण टाकावे. अर्धे पाकीट पेल्यात टाकू नये. दोन वर्षांखाली प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिली, त्यावरील मुलांना १०० ते २०० मिली, चमच्याने थोडे थोडे द्यावे. अंगावरचे दूध आणि जेवण बंद करू नये. झिंकच्या गोळ्या १४ दिवस द्याव्यात, जुलाब थांबले तरी.

वर्षाच्या आत मध चाटवू नये. पोट फुगले म्हणून डाग देऊ नये. आपल्याकडे हिवाळ्यात पारा एक आकडी होतो आणि उन्हाळ्यात ४५ अंशांच्या आसपास जातो. बंद खोलीत शेगडी ठेवून झोपू नये, आणि मे महिन्यात मुलाला दुपारच्या उन्हात शेतावर नेऊ नये.

घर आणि शेत

आपला जिल्हा कापसाचा आहे, म्हणून जवळपास प्रत्येक शेतकरी घरात कीटकनाशक असते. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले, ते आपण पाहिले. मुलाच्या लहान शरीराला त्याहून कितीतरी कमी विष पुरते.

• औषध मूळ डब्यातच, कुलपात आणि उंचावर ठेवावे. पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीही ओतू नये. रिकामा डबा घरात वापरू नये.

• फवारणीचे कपडे बदलून, अंघोळ करूनच मुलाला उचलावे.

• विष पोटात गेल्यास उलटी करवू नये, मीठपाणी पाजू नये. अंगावर सांडले असेल तर कपडे काढून साबण-पाण्याने धुवावे. १०८ ला फोन करावा आणि औषधाचा डबा दवाखान्यात सोबत न्यावा.

साप : पावसाळ्यात मुलांना जमिनीवर झोपवू नये. खाटेवर, मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपवावे. मण्यार रात्री चावते आणि खूणही दिसत नाही. चावल्यास घट्ट बांधू नये, कापू नये, मांत्रिकाकडे वेळ घालवू नये. अवयव हलू न देता सरकारी दवाखान्यात न्यावे.

पाणी : विहिरीला कठडा, हौदाला झाकण आणि शेततळ्याला कुंपण असावे. लहान बाळ बादलीभर पाण्यातही बुडू शकते.

भाजणे : भाजलेली जागा २० मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली धरावी. हळद, टूथपेस्ट, बर्फ लावू नये.

गिळणे : पाच वर्षांखाली अख्खे शेंगदाणे, फुटाणे देऊ नयेत. गोल चपट्या बॅटरीचे सेल मुलाने गिळले, तर ती तातडीची वेळ समजावी.

दुचाकी : नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला दुचाकीवर सुरक्षा पट्टा आणि हेल्मेट लावणे आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत ठेवणे, हा नियम १५ फेब्रुवारी २०२३ पासून आहे. राष्ट्रीय महामार्ग ४४ वर मुलाला टाकीवर बसवून नेणे थांबवलेच पाहिजे.

स्पर्श, आणि ऐकून घेणे

मुलाला शरीराच्या सर्व अवयवांची नावे मराठीत, न लाजता शिकवावीत. चड्डीच्या आतील भागाला आईने अंघोळ घालताना किंवा डॉक्टरांनी आईसमोर तपासताना सोडून कोणी हात लावायचा नाही, हे त्याला माहीत असावे. कोणी लावला तर मोठ्याने "नको" किंवा "वद्दु" म्हणायचे, तिथून निघायचे आणि घरी सांगायचे. "हे आपल्या दोघांचं गुपित" असे कोणी म्हटले, तर ते गुपित ठेवायचे नाही. पाहुण्याला पापा द्यायला मूल नाही म्हणाले, तर त्याला भाग पाडू नये. त्याची "नको" घरात मानली गेली, तर बाहेरही ते ती म्हणू शकेल.

मुलाने असे काही सांगितले, तर ते पूर्ण ऐकावे. "तू तिथे का गेलास?" असे विचारू नये. "सांगितलंस ते बरं केलंस, तुझी चूक नाही" एवढे म्हणावे. माणूस नात्यातला असला तरी गप्प बसू नये. पोक्सो कायद्याप्रमाणे (२०१२) असा गुन्हा कळल्यावर तो पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणे बंधनकारक आहे.

जवळ ठेवायचे क्रमांक

रुग्णवाहिका – १०८
पोलीस व कोणतीही आपत्ती – ११२
संकटातील मुलांसाठी – १०९८
मनाच्या त्रासासाठी, टेली-मानस – १४४१६

हे क्रमांक आणि वरची तेलुगू शब्दांची यादी कागदावर उतरवून घरात आजी-आजोबांना दिसेल अशा ठिकाणी लावावी. शब्दांची एक प्रत मुलाच्या दप्तरातही ठेवावी. रोज झोपण्यापूर्वी पाच मिनिटे मुलाला विचारावे : आज कशाने हसू आलं, कशाने रडू आलं, कुणी काही बोललं का? उत्तर मराठीत येवो, तेलुगूत येवो किंवा दोन्ही मिसळून येवो, ते मध्येच न दुरुस्त करता ऐकावे.